अनुदान संपल्यावर संस्थेने डाळमिल काढावी का?

बालाघाटची लेक
(केज–अंबाजोगाई परिसर)

नमस्कार.

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात काम करणाऱ्या एका लहान नोंदणीकृत संस्थेत मी अकरा वर्षांपासून आहे. नवऱ्याने टाकून दिलेल्या, विधवा झालेल्या आणि घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी आम्ही काम करतो. समुपदेशन, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात सोबत जाणे, अडचणीच्या वेळी चार-आठ दिवसांचा आसरा देणे, शिधापत्रिका वेगळी करून घेणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अर्ज भरणे, असे हे काम आहे. ज्या प्रकल्पातून आमच्या पाच जणींचे मानधन निघते, तो येत्या मार्चअखेर संपत आहे आणि तो पुढे चालू राहणार नाही, असे देणगीदारांनी स्पष्ट कळवले आहे.

विश्वस्त मंडळाच्या मागच्या बैठकीत त्यावर एक उपाय मांडला गेला: संस्थेने सामाजिक उद्योग सुरू करावा, तुरीची छोटी डाळमिल टाकावी, त्यात आपल्याच बायकांना काम द्यावे आणि नफ्यातून समुपदेशन केंद्र चालवावे. मांडणारे विश्वस्त स्वतः शेतकरी आहेत, त्यांची तळमळ खरी आहे. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ उतरते, चुरी आणि टरफल जनावरांच्या खाद्यासाठी विकले जाते आणि पॉलिश न केलेल्या डाळीला शहरात मागणी आहे, हे त्यांचे म्हणणे मलाही पटते. तूर आमच्या भागात पिकते, मग ती लातूरच्या मोंढ्यात कच्ची का विकायची, हा त्यांचा प्रश्नही रास्त आहे.

तरीही माझे मन धजावत नाही, त्याची दोन कारणे सांगते.

पहिले कारण आमच्या भागाच्या वेळापत्रकात आहे. आमच्याकडच्या निम्म्याहून अधिक बायका दिवाळीआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतात, दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि कारखाने बंद झाल्यावर परततात. एकटी बाईसुद्धा भाऊ, दीर किंवा मुलगा यांच्याबरोबर जोडीने कोयता लावून जातेच. तूर मात्र जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते आणि डाळ करण्याचे खरे दिवस कडक उन्हाचे असतात. म्हणजे ज्या बायकांसाठी मिल काढायची, त्या हंगामाच्या सुरुवातीला गावातच नसतील.

दुसरे कारण गेल्या वर्षीच्या अनुभवाचे आहे. दिवाळीआधी आम्ही पुण्यातल्या एका प्रदर्शनात शेवया, कुरडया आणि शेंगदाण्याच्या चटणीचा स्टॉल लावला होता. माणसे कमी असल्याने आमच्या ज्येष्ठ समुपदेशक ताई चार दिवस तिकडे होत्या. त्याच आठवड्यात एका बाईच्या पोटगीच्या अर्जाची तारीख होती. ती कोर्टाच्या व्हरांड्यात सकाळपासून एकटी बसली, समोर सासरची सहा माणसे उभी होती आणि पुकारा झाला तेव्हा ती उठून निघून गेलेली होती. पुढे ती तारीख पुन्हा मिळाली. पण तिने मला विचारले, "ताई, तुम्ही दुकान टाकलं का?" त्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

म्हणून विचारते. सेवाभावी संस्थेने असा उद्योग स्वतः चालवावा का? चालवला तर त्याच्या नफ्यावर समुपदेशनासारखे काम चालेल, अशी अपेक्षा धरणे योग्य आहे का? आणि कायद्याने काय करता येते? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी, चांगला-वाईट जो अनुभव असेल तो, सविस्तर लिहावा अशी विनंती आहे.

---

जमाखर्च
(छत्रपती संभाजीनगर)

ताई, मी अनेक वर्षे न्यासांचे आणि संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो. कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील देत आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असून त्यात क्रमांक बदलले आहेत, तेव्हा आपल्या सल्लागाराकडून नवे क्रमांक समजून घ्यावेत.

धर्मादाय संस्थेला व्यवसाय करताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. कलम ११(४अ) नुसार व्यवसाय संस्थेच्या उद्दिष्टांना पूरक असेल आणि त्याच्या हिशेबाच्या वह्या स्वतंत्र ठेवल्या असतील, तर त्या उत्पन्नाला सवलत मिळू शकते. कलम २(१५) मध्ये धर्मादाय उद्दिष्टांचे वर्ग दिले आहेत. त्यांतील 'सार्वजनिक उपयोगितेचे इतर कोणतेही उद्दिष्ट' या शेवटच्या वर्गात येणाऱ्या संस्थांना व्यापारी स्वरूपाच्या कामातून वर्षाच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मिळाली, तर त्या वर्षाची सवलत धोक्यात येते. गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत या वर्गांना ही मर्यादा नाही. त्यामुळे आपल्या घटनेत उद्दिष्टे नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिली आहेत, हे सर्वप्रथम पाहा. 'महिलांचा सर्वांगीण विकास' असे ढोबळ लिहिलेले असेल, तर आयकर अधिकारी संस्थेला शेवटच्या वर्गात टाकू शकतो. निराधार व गरीब महिलांना साहाय्य आणि रोजगार असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर आपली बाजू बळकट होते.

मात्र डाळमिलचे खरे दुखणे कराचे नाही, खेळत्या भांडवलाचे आहे, आणि विश्वस्तांच्या हिशेबात ते बहुधा आलेले नसावे. तूर वर्षभर थोडी थोडी विकत घ्यायची म्हटली, तर पावसाळ्यात चढा भाव द्यावा लागतो. भाव नरम असताना घ्यायची, तर जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वर्षभराचा माल रोख पैसे मोजून भरावा लागतो. शेतकरी उधारीवर तूर देत नाही आणि देऊही नये. उलट डाळ विकत घेणारा किराणा दुकानदार महिना-दोन महिने थांबवतो. या दोन टोकांच्या मधले सगळे पैसे संस्थेला उभे करावे लागतात.

ते आणणार कुठून? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ नुसार न्यासासाठी कर्ज काढायचे, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती परवानगी येईपर्यंत हंगाम निघून जातो. साठवणीतून उभे करावे, तर आयकर कायदा म्हणतो की वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करा. उरलेल्या १५ टक्क्यांहून जास्त रक्कम राखून ठेवायची असल्यास कारण आणि मुदत लेखी कळवावी लागते. आलेले अनुदान वेळेत खर्च करावे, या विचाराने हे नियम घडले आहेत, आणि हंगामी व्यापाराला नेमकी उलटी गोष्ट लागते.

'मग संस्थेने एक कंपनी काढावी आणि तिच्यात पैसे घालावेत' असे सुचवणारे बरेच भेटतील. सावध राहा. न्यासाचा पैसा कुठे गुंतवता येतो याची यादी कलम ११(५) मध्ये आहे आणि खासगी कंपनीचे किंवा उत्पादक कंपनीचे (म्हणजे शेतकरी सभासदांच्या मालकीच्या कंपनीचे) भाग, म्हणजे शेअर, त्या यादीत बसत नाहीत. तसे केल्यास संपूर्ण संस्थेची करसवलत अडचणीत येऊ शकते. परदेशी देणगी असेल, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर ती दुसऱ्या कोणालाही वर्ग करता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

माझे मत विचाराल तर मिल बायकांच्या मालकीची असावी. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी स्थापन करण्याची तरतूद कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली आणि त्यासाठी किमान दहा उत्पादक सभासद पुरतात. कर्ज त्या कंपनीच्या नावावर, तूर तिच्या नावावर, नफा-तोटा तिचा. आपल्या संस्थेने प्रशिक्षण द्यावे, सुरुवातीची दोन वर्षे हिशेबाला माणूस द्यावा आणि त्यासाठी स्वतंत्र देणगी मागावी. मात्र अशा रचनेत मिलच्या नफ्यातून आपल्या समुपदेशन केंद्राला काही मिळेल, ही आशा सोडून द्यावी लागेल. तो नफा बायकांचा आहे.

---

मांजराकाठ
(लातूर जिल्हा)

ताई, आपल्या त्या कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाईबद्दल वाचून मला स्वतःचे दिवस आठवले. मी ज्या संस्थेत होतो तिथे आम्ही सहा वर्षे ज्वारीच्या कडक भाकरी आणि चटण्यांचा विभाग चालवला आणि शेवटी बंद केला. तो का बंद पडला हे लिहितो. तोटा झाला होता, पण बंद पडण्याचे कारण तोटा नव्हते.

आमच्या भागात या कामाची परंपरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत घरबांधणीच्या कामात महिला गटांना पुढे आणले गेले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते गट पुढे बचतीकडे, शेतीकडे आणि छोट्या व्यवसायांकडे नेले, आणि २०१६ मध्ये त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आम्ही ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे बाया उद्योग करू शकतात याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आमची चूक दुसरीकडे झाली.

आमच्या विभागात सुरुवातीला चौदा बाया होत्या आणि सगळ्या आमच्या निवारा केंद्रातून आलेल्या होत्या. त्यांतल्या एकीचा उजवा हात नवऱ्याने मोडला होता आणि तो वाकडाच जुळून आला होता. कडक भाकरी पातळ आणि एकसारखी थापावी लागते. मग ती मंद आचेवर कापडाने दाबत शेकायची, म्हणजे ती पापडासारखी कडक होते आणि फुगत नाही. या बाईला थापायला जमत नसे, म्हणून ती शेकायला बसे, आणि शेकतानाही तिला डाव्या हाताने दाबावे लागे. दुसऱ्या बाईच्या शंभर भाकरी होत तेव्हा तिच्या साठ होत. पहिल्या वर्षी याचे कोणाला काही वाटले नाही, कारण मजुरी दिवसावर होती आणि देणगी चालू होती.

तिसऱ्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या दुकानाची नियमित मागणी मिळाली. मागणी मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले. मग ठरलेल्या तारखेला माल पोहोचला पाहिजे म्हणून मजुरी नगावर केली. पर्यवेक्षक म्हणून नेमलेली मुलगी प्रामाणिक होती, तिने कोणालाही काढून टाकले नाही. ती फक्त घाईच्या दिवशी हात चालणाऱ्या बायांना आधी निरोप पाठवू लागली आणि हळूहळू सगळेच दिवस घाईचे झाले. पाचव्या वर्षी आम्ही हजेरीचे पुस्तक उघडून बसलो, तेव्हा लक्षात आले की निवारा केंद्रातून आलेल्या चौदांपैकी फक्त तिघी उरल्या आहेत. बाकीच्या जागी गावातल्या चुणचुणीत, घरचा पाठिंबा असलेल्या सुना आल्या होत्या. त्यांनाही रोजगाराची गरज होती, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यांच्यासाठी आम्ही संस्था काढली नव्हती. वाकड्या हाताची ती बाई कधी यायची थांबली, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नाही.

बाजार कोणाला मुद्दाम बाहेर काढत नाही. तो फक्त रोज थोडा थोडा हिशेब विचारतो आणि आपण रोज थोडे थोडे उत्तर देत जातो. दर महिन्याला किती माल विकला हे आम्ही बैठकीत वाचत होतो. किती बाया कामावर होत्या आणि त्या कोण होत्या, हे वाचत नव्हतो. विभाग चालवायचाच असेल, तर दुसरा आकडा आधी वाचा.

आणखी एक गोष्ट. आम्ही भाकरीच्या किमतीत पीठ, गॅस, मजुरी, पाकीट आणि वाहतूक धरत होतो. एखाद्या बाईला अचानक फिट आली, तर तिला दवाखान्यात नेणारी कार्यकर्ती, नवरा दारू पिऊन विभागाच्या दारात उभा राहिला तर पोलिसांना बोलावणारी कार्यकर्ती, तिचा दिवस आम्ही कुठेच धरला नाही. तो दिवस अनुदानातून जात होता. अनुदान संपले तेव्हा कळले की आमची भाकरी कधीच त्या किमतीला पडत नव्हती.

---

उदगीरचा वाचक

थोडक्यात लिहितो. मराठवाड्यात 'सामाजिक उद्योग' हा शब्द नवा असला, तरी गोष्ट जुनी आहे. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि त्यासाठी लागणारी खादी आमच्या उदगीरच्या केंद्रात विणली जाते. ध्वजाच्या कापडाचे मानक फार काटेकोर आहे आणि ते पाळून ध्वज करणाऱ्या संस्था देशात मोजक्याच आहेत. अनेक वर्षे त्या कापडाला हक्काचे गिऱ्हाईक होते, कारण ध्वजसंहितेनुसार ध्वज हातकताईच्या, हातमागावर विणलेल्या कापडाचाच लागत असे.

३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर केलेल्या तसेच पॉलिस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी घरोघरी तिरंगा लावण्याची मोहीम झाली आणि बाजारात स्वस्त पॉलिस्टरचे ध्वज आले. ज्या नियमाने सूतकताई करणाऱ्या बाईला काम दिले होते, तोच नियम एका अधिसूचनेने बदलला.

ताईंनी मिल काढली तर शाळेचा पोषण आहार, शासकीय वसतिगृह किंवा एखादे शहरी दुकान अशा एकाच गिऱ्हाइकावर सगळा माल टाकू नये, इतकेच सांगायचे आहे. आठवडी बाजारात पाच किलो विकणे कष्टाचे असते, पण तो बाजार परिपत्रकाने बंद होत नाही.

---

समाजकार्य शिकवते
(तुळजापूर)

मांजराकाठ दादांनी जे लिहिले ते मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. त्यांनी मांडलेली अडचण केवळ आपल्याकडची नाही. इटलीत १९९१ मध्ये सामाजिक सहकारी संस्थांसाठी ३८१ क्रमांकाचा कायदा झाला आणि त्यात अशा संस्थांचे दोन प्रकार सरळ वेगळे केले गेले. एक प्रकार सेवा देणाऱ्यांचा, दुसरा वंचित व्यक्तींना कामाला लावणाऱ्यांचा. दुसऱ्या प्रकारात किमान ३० टक्के कामगार अपंग, मानसिक आजारातून उठलेले, तुरुंगाची शिक्षा झालेले अशा वर्गांतील असावे लागतात आणि त्यांच्यापुरता सामाजिक विम्याचा हप्ता संस्थेला माफ असतो. म्हणजे वाकड्या हाताने साठच भाकरी होतात, त्या उरलेल्या चाळीस भाकरींचा भार तिथे निदान अंशतः शासन उचलते. आपल्याकडे अशी तरतूद नसताना तो भार संस्थेने एकटीने गिऱ्हाइकाकडून वसूल करावा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आनंदवनात १९४९ पासून कुष्ठरुग्णांनी शेती केली, कापड विणले, वस्तू घडवल्या. पण तिथेही लोकांच्या देणग्यांचा आधार कधी सुटला नाही आणि त्याबद्दल कोणी त्या कामाला अपयशी म्हटले नाही.

बालाघाटच्या ताईंना मात्र एक वेगळी दिशा सुचवावीशी वाटते. आपल्या कामातले विकता येण्यासारखे काही नाही, असे विश्वस्तांनी गृहीत धरलेले दिसते. मला ते तितकेसे खरे वाटत नाही.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९७६ मध्ये डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी ते ११ खाटांवर सुरू केले आणि पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांच्या शस्त्रक्रिया करत ते वाढवले. पुढे १९९२ मध्ये डोळ्यात बसवायच्या भिंगांचे उत्पादनही त्यांनी स्वतःच सुरू केले. त्यांनी शस्त्रक्रियांचा खर्च भागवण्यासाठी हॉटेल काढले नाही. जे येत होते तेच, ज्याला परवडते त्याला शुल्क घेऊन आणि ज्याला परवडत नाही त्याला मोफत दिले. उद्योग आणि सेवा यांत अंतर जितके कमी, तितकी माणसांची ओढाताण कमी होते.

आता आपले पाहा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा सांगतो की दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती हवी आणि तिच्यावर महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेची किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची सदस्य हवी. कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृतीचे कार्यक्रम आणि समिती सदस्यांचे प्रशिक्षण घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. लातूरमधले खासगी शिकवणी वर्ग, रुग्णालये, पतसंस्था, औद्योगिक वसाहतीतले कारखाने, अंबाजोगाई आणि बीडमधल्या शिक्षणसंस्था, यांपैकी किती ठिकाणी ही समिती कागदापलीकडे आहे? बाहेरच्या सदस्याला बैठकीच्या दिवसासाठी नियमांत भत्ता म्हणून धरलेली रक्कम केवळ २०० रुपये आणि प्रवासखर्च आहे, त्यावर संस्था चालणार नाही. परंतु प्रशिक्षणाचे शुल्क आपण ठरवू शकता. हे ज्ञान आपल्या समुपदेशक ताईंनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवले आहे आणि मोठ्या शहरांतील सल्लागार संस्था तेच ज्ञान चांगले शुल्क घेऊन देतात.

याची मर्यादाही सांगते. ज्या कारखान्याकडून शुल्क घेतले, त्याच कारखान्यातली बाई उद्या तक्रार घेऊन आपल्या केंद्रात आली तर काय करायचे, हे पहिला करार करण्यापूर्वी लेखी ठरवा. आणि यातून पाच जणींचे पूर्ण मानधन निघेल असे मी म्हणत नाही. एखादीचे निघाले तरी तिला प्रदर्शनात उभे राहावे लागणार नाही.

---

साधनकेंद्र
(परभणी)

मी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या एका लोकसंचालित साधन केंद्रात काम करते. महामंडळ १९७५ चे आहे, पण आमची केंद्रे नंतरची. वेगवेगळ्या गावांतील बचत गट एकत्र येऊन केंद्र चालवतात, केंद्राची कार्यकारिणी गटांतल्याच बायकांची असते आणि प्रकल्पाचा निधी थांबल्यावर केंद्राने गटांकडून मिळणाऱ्या सेवाशुल्कावर उभे राहावे, अशी मूळ कल्पना आहे. त्यामुळे 'अनुदानानंतर काय' या प्रश्नात आम्ही रोज जगतो.

गट सेवाशुल्क देतात का? देतात, पण ज्या सेवेचा उपयोग पैशात दिसतो तिच्यासाठीच. बँकेचे कर्ज मिळवून दिले, हिशेब तपासून दिला, बियाणे एकत्र आणून दिले, तर बाई खुशीने पैसे काढते. तिच्या पोरीचे लग्न तेराव्या वर्षी होऊ नये म्हणून आम्ही चार वेळा घरी गेलो, त्याचे शुल्क कोणी देत नाही आणि आम्ही मागतही नाही. जमाखर्च सरांनी म्हटले ते मी माझ्या शब्दांत सांगते: मालाचे बिल वेगळे आणि मायेचे बिल वेगळे. दुसरे बिल समाजाने भरायचे असते, शासनाने भरायचे असते, आणि ते मागायला लाजू नये.

डाळमिलबद्दल प्रत्यक्षातले थोडे. आमच्या एका गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली छोटी डाळमिल आहे. यंत्र चांगले आहे. पण यंत्र हे निम्मेच काम. तूर चाळायची, खडे निवडायचे, पहिला फेरा मारून टरफलाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, ढीग झाकून मुरू द्यायचा, मग पाणी देऊन उन्हात वाळवायचे आणि नंतर भरडायचे. वाळवणाला सिमेंटची गच्ची किंवा मोठे अंगण लागते, आणि वळवाचा पाऊस आला की अंगणातली सगळी माणसे ताडपत्रीकडे धावतात. मागच्या मे महिन्यात एका संध्याकाळी चार क्विंटल तूर भिजली. ती डाळ काळपट निघाली आणि जनावरांना घालावी लागली.

आमच्या गटाने शेवटी काय केले ते सांगते, ताईंना उपयोगी पडेल. त्यांनी तूर विकत घेणे बंद केले. आता गावातला शेतकरी घरच्या खाण्यापुरती तूर घेऊन येतो आणि गट किलोमागे दळणावळ घेऊन त्याला डाळ करून देतो. चुरी आणि टरफल बोलीप्रमाणे गटाकडे राहते. भांडवल अडकत नाही, भावाची भीती नाही, उधारी नाही. उत्पन्न थोडे आहे, मोठा नफा नाही, पण चार बायकांना फेब्रुवारी ते मे काम मिळते. त्यांतल्या दोघी या वर्षी ऊसतोडीला गेल्या नाहीत.

---

बालाघाटची लेक

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या काळात आम्ही दोन बैठका घेतल्या. पहिली विश्वस्तांची होती. दुसरी बायकांची, आणि ती आधी घ्यायला हवी होती, हे आता कळते.

बायकांच्या बैठकीला बावीस जणी आल्या. मी साधनकेंद्र ताईंची दळणावळीची पद्धत समजावून सांगितली. एक बाई, जी बारा वर्षे कोयत्यावर जाते आहे, तिने सरळ विचारले की मिल झाली तर दिवाळीच्या आधी हातात किती पैसे येतील. मी म्हणाले, दिवाळीच्या आधी काहीच नाही, काम फेब्रुवारीपासून. त्यावर ती म्हणाली, "मग उचल घ्यावीच लागंल की ताई. मुकादम आत्ता देतो, तुमची मिल शिमग्याला देईल." आम्हा सगळ्यांच्या कागदावर नसलेली गोष्ट तिने एका वाक्यात सांगितली. उचलीची रक्कम दिवाळीआधी का लागते, तर मुलांचे कपडे, मागची उधारी आणि घरात राहणाऱ्या म्हातारीसाठी ज्वारी. तेवढी रक्कम बायकांच्या बचत गटातून कमी व्याजाने देता आली, तर किमान पाच-सहा जणी थांबायला तयार आहेत. म्हणजे आमच्याकडे मिलच्या आधी तो कर्जनिधी उभा राहावा लागेल, आणि तो संस्थेच्या नाही, गटाच्या खात्यावर.

विश्वस्तांनी पुढील गोष्टी मान्य केल्या आहेत. संस्था मिलची मालक होणार नाही. पहिली दोन वर्षे गट दळणावळीवरच काम करील आणि त्यानंतर उत्पादक कंपनीचा विचार होईल. कोणतीही समुपदेशक विक्रीच्या कामावर जाणार नाही, हा ठराव इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या आहेत. केंद्राच्या मानधनासाठी आम्ही उघडपणे देणगी मागणार आहोत. अंतर्गत समित्यांच्या प्रशिक्षणासाठी लातूरच्या दोन रुग्णालयांना आणि एका शिकवणी वर्गाला पत्रे पाठवली असून एका ठिकाणाहून भेटीची वेळ मिळाली आहे. शुल्क घेतलेल्या ठिकाणची तक्रार आली तर ती शेजारच्या तालुक्यातील दुसऱ्या संस्थेकडे सोपवायची, असे त्या संस्थेशी बोलून ठरवले आहे.

मांजराकाठ दादांच्या सांगण्याप्रमाणे हजेरीच्या पुस्तकात आम्ही एक रकाना वाढवला आहे: ही बाई आपल्याकडे कोणत्या कारणाने आली. महिन्याच्या बैठकीत तो रकाना विक्रीच्या आधी वाचला जाईल.

जमाखर्च सर, एक शंका उरते. गटाची मिल संस्थेच्या आवारातील पत्र्याच्या खोलीत ठेवायची आहे आणि वाळवणासाठी संस्थेचीच गच्ची वापरायची आहे. भाडे घेतले नाही तर चालेल का?

---

जमाखर्च

नाममात्र का होईना, पण लेखी करार करून भाडे घ्या, वीजमीटर वेगळा बसवा आणि करार दीर्घ मुदतीचा करायचा असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीचा प्रश्न येतो, म्हणून तो अकरा महिन्यांचाच ठेवा. गच्चीच्या भाड्यात पावसाळ्याचे महिने धरू नका, त्या दिवसांत गटाला तिचा काही उपयोग नाही. वह्यांचा नमुना मी तयार करून इथेच टाकतो.